वाचकांचे प्रश्न : ‘कार्स २’ कुठं बिनसला?

या खेपेला बरीच पत्रं पिक्सार या अमेरिकी ॲनिमेशन स्टुडिओच्या एकाच चित्रपटाबद्दल आली, ज्यात सगळी पात्रं म्हणजे बोलक्या गाड्याच. त्यातली पाच घेतली आहेत.

प्रश्न : ‘कार्स २’ला सगळे नावं ठेवतात, पण गल्ला तर पहिल्यापेक्षा जास्त झाला म्हणे. मग पडला कसा म्हणायचा? (शाहूपुरी, कोल्हापूर)

गल्ल्याच्या हिशेबात पडला नाहीच. २००६ च्या पहिल्या भागानं जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलर मिळवले, २०११ च्या दुसऱ्यानं सुमारे ५६ कोटी. पण आकडा फोडून बघा. खुद्द अमेरिकेत कमाई २४ कोटींच्या आसपास होती ती १९ कोटींवर आली. भर पडली ती बाहेरच्या देशांतून. घरच्या गिऱ्हाइकानं पाठ फिरवली, असा त्याचा अर्थ. शिवाय उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर सुरू झाल्यापासून पिक्सारच्या प्रत्येक चित्रपटाला नामांकन मिळत आलं होतं. ती साखळी इथं तुटली.

प्रश्न : मेटर एवढा गमतीचा गडी. त्याला हिरो केला यात चुकलं काय? (गडहिंग्लज)

पहिल्या भागात मेटर, म्हणजे नायक मॅक्वीन या रेसकारचा टो-ट्रक मित्र, लोणच्यासारखा होता. पानात डावीकडं, जिभेला चटका देण्यापुरता. इथं भाताच्या जागीच लोणचं वाढलंय. तरीही विनोदाचा अतिरेक हे वरवरचं दुखणं झालं.

पहिल्या भागाचा शेवट आठवा. मॅक्वीन जिंकण्याच्या बेतात असताना रेषेच्या अलीकडं थांबतो, मागं फिरतो आणि अपघातात मोडलेल्या जुन्या चॅम्पियनला ढकलत रेषेपार नेतो. हातातोंडाशी आलेला पिस्टन कप जातो. त्याचा स्वभाव पालटला हे पटतं, कारण त्यापायी त्यानं काय घालवलं ते आपल्या डोळ्यांसमोर घडतं. दुसऱ्या भागात बदलण्यासाठी कुणालाच काही घालवावं लागत नाही.

संधी मात्र होती. टोकियोच्या शर्यतीत मेटर हेडसेटवरून मॅक्वीनला सूचना देतोय, आणि त्याच वेळी हॉली ही गुप्तहेर त्याला पळायची वाट सांगतेय. मेटर उत्तर देतो हॉलीला, ते जातं मॅक्वीनच्या कानात. तो बाहेरची बाजू धरतो आणि प्रतिस्पर्धी फ्रान्सेस्को आतून निसटतो. हेरकथा आणि शर्यत अशी एका तारेवर आली की चित्रपट खरोखर पळतो. त्यानंतरचं भांडणही रास्त आहे. मॅक्वीनचा राग खोटा नाही. पुढं मात्र दोघं वेगवेगळ्या वाटेला लागतात, मॅक्वीन झुरतो, माफीही तोच मागतो. मित्राच्या कामाच्या वेळी भान ठेवावं, एवढंसुद्धा मेटरच्या पदरात पडत नाही.

आणखी एक गाठ बसलीय. मेटर आपले पोचे काढू देत नाही, कारण त्यांत मॅक्वीनबरोबरच्या आठवणी आहेत. झकास. पण खलनायक कोण? ग्रेमलिन, पेसर, युगो, म्हणजे ज्या गाड्यांची लोकांनी टिंगल केली त्या. अमेरिकेत सदोष निघालेल्या गाडीला लिंबू म्हणतात, त्यावरची ही कोटी. आपल्याकडं ती निम्म्यांच्या डोक्यावरून जाते. आपल्या माणसाच्या अंगावरचे पोचे प्रेमाचे आणि दुसऱ्याचा जन्मजात दोष म्हणजे पाप, असं दोन्ही एकाच गोष्टीत कसं चालेल?

प्रश्न : आमच्या शॉपमधली पोरं सांगतात की त्यात व्हिटवर्थ बोल्टवरून गुन्हेगार सापडतो. पटण्यासारखं आहे का? (उद्यमनगर)

आहे, आणि पटकथेतला सगळ्यात नेटका जोड तोच. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये हे ब्रिटिश आटे ठरवले. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर. मेट्रिकचा कोन ६० अंश. घोळ होतो पान्यावर. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, जबड्याचा नव्हे. अर्ध्या इंचाच्या पान्याचा जबडा मूळ मापात सुमारे ०.९२ इंच, म्हणजे साधारण २३.४ मिलिमीटर. तिथं २४ चा पाना लावून जोर दिला की षटकोनाच्या कडा गेल्याच. त्यामुळं इंजिनाच्या फोटोत बोल्ट बघूनच मेटरनं ‘हे जुनं ब्रिटिश काम’ म्हणून ओळखावं, हे मेकॅनिकला शोभणारं आहे. असंच मेकॅनिकचं डोकं आणखी चार ठिकाणी वापरलं असतं तर लोणच्याची तक्रार कुणी केली नसती.

प्रेक्षकाच्या बाजूनं मात्र तेलाचं डबकं हा जास्त सच्चा धागा. पार्टीत शर्यती भरवणाऱ्या ॲक्सलरॉडजवळ तेल सांडलेलं दिसतं आणि आळ मेटरवर येतो. आपण स्वतः बघितलेलं असतं, तरी हसून सोडून देतो. शेवटी विजेवर चालतो म्हणणाऱ्याचीच गळती निघते. याच्या उलट मॅक्वीनचा जीव वाचतो तो योगायोगानं. त्याच्याच पथकातल्या सार्जनं त्याचं ॲलिनॉल, म्हणजे ॲक्सलरॉडचं घातक इंधन, बदलून सोबती फिलमोरचं इंधन भरलं होतं, हे आपल्याला सगळं उरकल्यावर कळतं. आधी एखाद्या पिटस्टॉपला नुसता कॅन बदलताना दाखवला असता, तरी भागलं असतं.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची. दाखवू का? (इचलकरंजी)

अमेरिकेत त्याला सर्वांसाठीचं प्रमाणपत्र आहे, त्यावर विसंबू नका. दोन जागा आधी स्वतः बघून घ्या. सुरुवातीलाच समुद्रातल्या तेलविहिरीवर एक हेर गाडी चेपून ठोकळा केलेली दिसते. नंतर अमेरिकी हेराला बांधून त्याचं इंजिन स्फोट होईपर्यंत ताणतात. गाड्यांना डोळे-तोंड असल्यामुळं लहान मुलांना ते माणूस मारल्यासारखंच लागतं. रिमोट जवळ ठेवा. तेलविहिरीवरचं पाणी मात्र वगळू नका. लाटा, फेस, ओल्या पत्र्यावरचा उजेड. आणि पुढं टोकियोत रात्री निऑनचे दिवे गाड्यांच्या रंगावरून घसरत जातात, ते मोठ्या पडद्यावरच बघावं असं. कारागिरांनी कसर ठेवलेली नाही.

प्रश्न : दुसरा गाळून थेट तिसरा बघितला तर काही अडतं का? (कागल)

काही नाही. २०१७ च्या तिसऱ्या भागाला हेरगिरीशी देणंघेणं नाही. तो सरळ पहिल्याला जोडलेला आहे. मॅक्वीनचा गुरू डॉक हडसन, त्याला आवाज देणारे पॉल न्यूमन २००८ मध्ये वारले, म्हणून दुसऱ्या भागात डॉक नाही, फक्त पिस्टन कपला त्याचं नाव दिलंय. तिसऱ्यात तो परत ऐकू येतो, पहिल्या भागाच्या वेळी ध्वनिमुद्रित करून न वापरलेल्या संवादांतून.