मुंबई ते नागपूर विमानाने आणि रस्त्याने अंतर किती? वेळ किती लागतो?

भिवंडीजवळचं आमणे ते नागपूरजवळचं शिवमडका, समृद्धी महामार्ग 701 किमी. हवाई अंतर सातशेच्या जरा आत. म्हणजे रस्ता जवळपास विमानाच्याच रेषेत नेलाय. रेल्वे भुसावळवरून फिरून जाते, तिचे 837 होतात. वेळ म्हणाल तर विमानाच्या तिकिटावर साधारण दीड तास असतो, आणि आमच्या घरात भांडण नेमकं त्या दीड तासावरून आहे.

आमचे भाऊजी विमानपक्षाचे. मामेभावाचं लग्न होतं वर्ध्याला. आम्ही दोघेही डोंबिवलीचे, निघायचं एकाच दिवशी. भाऊजी म्हणाले, "तू बस दिवसभर स्टिअरिंग धरून, आम्ही दीड तासात नागपूर."

आम्ही पहाटे पाचला निघालो. भिवंडीतले ट्रक हलायच्या आत आमणे गाठायचं तर दुसरा इलाज नाही. इगतपुरीच्या बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडे. कसारा घाटात ट्रकच्या मागे ताटकळलेल्या माणसालाच याची किंमत कळेल. जालन्याच्या पुढे गाडी थांबवून घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दुपारी दोनच्या सुमाराला वर्ध्याजवळ येळाकेळीला महामार्गावरून उतरलो आणि थोड्या वेळात मंडपात.

भाऊजी साडेसहाला टॅक्सीत बसले. विमान दीड तास लेट, कारण कुणी सांगितलं नाही. नागपूरला उतरून सामानाची वाट पाहिली, मग टॅक्सी ठरवली, आणि नागपूर ते वर्धा पंच्याहत्तर किलोमीटर उलटे परत! पोचले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, जेवणाची पंगत उठली होती.

त्यांचं म्हणणं, लेट झालं तो अपवाद. बरं, ते दीड तास वजा करा. मग ते आमच्याआधी फार तर पंधरा-वीस मिनिटं पोचले असते. तेवढ्यासाठी चौघांची तिकिटं? समृद्धीवर कारचा पूर्ण टोल चौदाशेच्या पुढे जातो, वर पेट्रोल, तरी लग्नसराईतल्या चार तिकिटांपुढे ते काहीच नाही. वेळ घराच्या उंबऱ्यापासून मोजायचा असतो, धावपट्टीपासून नाही.

आता तुम्ही एकटे असाल, अंधेरीकडे राहत असाल आणि काम नागपुरातच असेल, तर विमानानेच जा. सोनेगावचा विमानतळ शहरालगतच आहे. गाडी असेल तर मुंबईतल्या घरापासून नागपुरातल्या घरापर्यंत नऊ-दहा तास धरा. समृद्धीचं आठ तासांचं गणित लोक सांगतात, ते आमण्यापासूनचं आहे. दुचाकीला या रस्त्यावर परवानगी नाही.

आणि रात्री चालवू नका. रस्ता इतका सरळ आहे की डोळा कधी लागतो ते कळत नाही. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 माणसं गेली. टायर जुने असतील तर 120 च्या मर्यादेजवळही जाऊ नका, काँक्रीटवर ते तापतात. रात्रीच निघायचं असेल तर सरळ विदर्भ एक्सप्रेस पकडा आणि झोपा.

जाता जाता, परतीची विमानाची तिकिटं रद्द करून भाऊजी आमच्याच गाडीतून आले. सामान वाढलं होतं म्हणून, असं ते अजून सांगतात.