टंग-टाय आहे म्हणाले? आधी पाजणं नीट बघ

अगं, बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड दिसला (यालाच टंग-टाय म्हणतात) म्हणून लगेच कापायची तारीख घेऊ नकोस. असा पडदा असलेली कितीतरी बाळं छान पितात. दिसण्यापेक्षा जीभ किती हलते ते महत्त्वाचं: खालच्या हिरडीच्या पुढे येते का, रडताना वर उचलली जाते का.

आधी पकड सुधार. बाळाचं पोट तुझ्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. तोंड मोठं उघडलं की हनुवटी आधी टेकव. नुसतं स्तनाग्र नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. एवढं करूनही पाजताना होणारी कळ जात नसेल, पाजल्यावर स्तनाग्र चपटं होऊन बाहेर येत असेल, बाळ टकटक आवाज करत सारखं सुटत असेल, तर स्तनपान सल्लागाराला समोर बसवून एक पूर्ण पाजणं दाखव. फोटोवरून कुणी निदान केलं तर मानू नकोस.

तोवर दूध कमी होऊ द्यायचं नाही. हाताने काढ, वाटी-चमच्याने पाज. मध, घुटी, साखरपाणी कुणी कितीही सांगो, अजिबात नाही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं. तसं नसेल, किंवा बाळ सुस्त पडून राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

कापायचं ठरलंच, तर जन्मानंतर व्हिटॅमिन के (रक्तस्राव टाळायला देतात ते) दिलं होतं ना, ते विचार. लहान बाळात काम झटपट होतं, लगेच पाजता येतं. पण काही बाळांना नवी पकड शिकायला थोडे दिवस लागतात.