चर्चच्या कलावर्गात पेन्सिल शेडिंग आणि घनवादी रेखाटन कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की दहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या ख्रिस्ती कलावर्गात आधी पेन्सिल शेडिंग आणि मग घनवाद घ्यायचा आहे, दोन्हींची सांगड कशी घालायची. आणि जाता जाता लिहिलंय की काही पालकांच्या मते घनवाद म्हणजे देवाच्या निर्मितीची मोडतोड. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यासाठीच मी उत्तर लिहायला घेतलं. त्याकडे येतोच, पण आधी वर्गाचं बोलू.

पहिली गोष्ट, हे दोन वेगळे धडे समजू नका. घनवाद म्हणजे वस्तू अनेक बाजूंनी पाहून ती तुकड्यातुकड्यांत एकाच चित्रात मांडायची पद्धत. ती रुजवणाऱ्या पिकासो आणि ब्राक या चित्रकारांची १९०९ ते १९१२ या काळातली चित्रं बघा. रंग जवळजवळ नाहीतच. राखाडी, तपकिरी आणि थोडी गेरूची छटा. सगळं काम टोनवर, म्हणजे गडद-फिकेपणावर चाललंय. प्रत्येक पैलू, म्हणजे चित्रातला प्रत्येक सपाट तुकडा, एका कडेला गडद आहे आणि दुसऱ्या कडेकडे जाताना विरत जातो. म्हणजे शेडिंगच. ज्या मुलाला गडदातून फिक्याकडे सलग जाता येतं त्याच्याकडे घनवादाचं निम्मं तंत्र आधीच आहे. ज्याला ते येत नाही त्याचं घनवादी चित्र पट्टीने मारलेल्या रेघांचं जाळं होऊन बसतं.

शेडिंगसाठी एचबी, २बी, ४बी आणि ६बी एवढ्या चारच पेन्सिली पुरतात. कागद मात्र किंचित खरखरीत हवा, १३० ते १५० जीएसएमचा (म्हणजे जाडसर) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा कागद, चालेल. झेरॉक्सच्या गुळगुळीत कागदावर ग्राफाइट धरत नाही, दुसरा थर बसायच्या आधीच चकाकी येते. पेन्सिल शार्पनरने नको, कटरने तासा आणि शिसं सेंटीमीटरभर बाहेर काढा, म्हणजे ती आडवी धरून टोकाऐवजी बाजूने भरता येते. तासायचं काम तुम्ही करा, मुलांकडे कटर देऊ नका.

टोनची पट्टी, म्हणजे कोऱ्यापासून काळ्यापर्यंत क्रमाने गडद होणाऱ्या घरांची ओळ, पाच घरांचीच घ्या. नऊ घरांची पट्टी या वयात चौथ्या घरापाशी फसते, पुढची सगळी घरं सारखीच काळी होतात. क्रमही महत्त्वाचा आहे. डावीकडून उजवीकडे भरत जायचं नाही. आधी पहिलं घर कोरं सोडायचं, मग पाचवं घर ६बीने जमेल तितकं गडद करायचं, मग बरोबर मधलं आणि शेवटी उरलेली दोन. गडदपणा दाबून आणायचा नाही, थरांनी आणायचा. एक थर आडवा, दुसरा तिरका, तिसरा उलट तिरका. एचबी दाबून काळं करायला गेलं की कागदावर चर पडतो, वर चकाकी येते आणि मग त्यावर ६बीसुद्धा बसत नाही. हे एकदा मुद्दाम करून दाखवा. नुसतं सांगून मुलांना पटत नाही.

बोटाने घासणं पहिल्या दिवसापासून बंद. बोटाचं तेल कागदात मुरतं, तिथे डाग राहतो आणि तो खोडरबरानेही निघत नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे घासून सगळे टोन मधल्या राखाडीत येतात, आणि मुलाला वाटतं शेडिंग झालं. शेडिंग म्हणजे मऊपणा नव्हे, टोनमधलं अंतर.

वस्तू म्हणून पांढरं अंडं घ्या आणि ते पांढऱ्या कागदावर ठेवा. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद, दिवा एकच, डावीकडून वरून साधारण ४५ अंशांत. डावखुऱ्या मुलांना समोरच्या बाजूला बसवा म्हणजे त्यांना उजेड उजवीकडून दिसेल आणि भरलेल्या भागावर हात घासणार नाही. मुलांनी डोळे अर्धवट मिटून बघायचं आणि आधी एकच रेघ शोधायची: उजेड संपून सावली सुरू होते ती. त्या रेघेच्या पलीकडचं सगळं एका सपाट टोनने भरून टाकायचं. हे झाल्यावरच बारकावे. अंड्यावरची सर्वांत गडद जागा कडेला नसते, कडेच्या थोडी आत असते, कारण खालच्या कागदावरून परत फिरलेला उजेड कडेवर पडतो. इथे जवळजवळ प्रत्येक मूल तो परतीचा उजेड फार पांढरा करतं आणि अंडं काचेचं दिसायला लागतं. नियम साधा आहे: सावलीच्या बाजूचा सर्वांत फिका टोनसुद्धा उजेडाच्या बाजूच्या सर्वांत गडद टोनपेक्षा गडद हवा. अंड्याभोवती काळी बाह्यरेषा काढू देऊ नका. पडछाया अंड्याला टेकते तिथे सर्वांत गडद असते, लांब जाईल तशी तिची कड विरते.

ख्रिस्ती विषय इथे ओढूनताणून आणायची गरज पडत नाही. फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरचं १६४० च्या सुमाराचं सुतार योसेफाचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. योसेफ वाकून लाकडाला भोक पाडतोय, समोर लहानगा येशू मेणबत्ती धरून उभा आहे, आणि ज्योतीआड धरलेल्या त्याच्या बोटांतून उजेड पाझरतो. या चित्राची ८ बाय ६ सेंटीमीटरची नक्कल फक्त तीन टोनमध्ये करायला सांगा: कोरा कागद, मधला, काळा. चेहरे काढायचे नाहीत, नुसते आकार. उजेड कुठून येतो आणि कुठे थांबतो हे मुलांना यातून जेवढं कळतं तेवढं अंड्यानेही कळत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव उजेड आणि अंधार वेगळे करतो, ते वाचायचं असेल तर या धड्याच्या आधी वाचा.

आता घनवाद. इथे माझा काही शिक्षकांशी जुना वाद आहे आणि तो मी सोडणार नाही. बऱ्याच ख्रिस्ती वर्गांत घनवादाच्या नावाखाली एक ठरलेली गोष्ट चालते. कागदाच्या मध्यभागी क्रूस किंवा कबूतर काढायचं, त्यावरून पट्टीने आठदहा रेघा आरपार मारायच्या आणि पडलेली खणं वेगवेगळ्या रंगांनी भरायची. दिसायला सुबक होतं, भिंतीवर शोभतं. पण तो घनवाद नाही. ती चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीची नक्कल आहे. काचचित्र ही स्वतंत्र आणि मोठी कला आहे, ती शिकवायची तर त्याच नावाने शिकवा. घनवादाचा गाभा असा की वस्तू एकाच जागी बसून पाहायची नाही, तिच्याभोवती फिरायचं आणि जे कळलं ते एका कागदावर मांडायचं. मधोमध काढलेल्या क्रूसावर रेघा मारताना मुलाने काहीच पाहिलेलं नसतं. तो क्रूस त्याने पाठ असलेला काढलेला असतो.

माझ्या मते सुरुवात वस्तूंनीच करावी. टेबलावर पाण्याचा एक जग, एक प्याला, एक जाड पुस्तक आणि मेणबत्ती. प्याला आणि शेजारी भाकर ठेवली तर प्रभुभोजनाचा विषय आपोआप येतो, वेगळं प्रवचन लागत नाही. ब्राकचं १९१० चं ‘व्हायोलिन आणि मेणबत्तीचं स्टँड’ समोर ठेवा, आणि खुआन ग्रिस या घनवादी चित्रकाराची १९१२ ची चित्रं. शिकवायला ग्रिस सर्वांत सोपा. त्याचे तिरके पैलू स्वच्छ असतात आणि उजेडाची बाजू कुठली, सावलीची कुठली, हे मुलांना बोट ठेवून दाखवता येतं.

रेखाटनाचा क्रम असा ठेवा. प्रत्येक मुलाने त्याच मांडणीची तीन रेखाटनं करायची, दहा-दहा मिनिटांची: एक समोरून बसून, एक बाजूला जाऊन, एक उभं राहून वरून. तिन्ही एकाच मापात हवीत. जग समोरून १२ सेंटीमीटर उंच असेल तर बाजूनेही तेवढाच. मग ट्रेसिंग पेपरवर तिन्ही एकावर एक धरायची, थोडी सरकवून, आणि प्रत्येकातून वस्तूची ओळख पटवणारा भाग उचलायचा. जगाचं तोंड वरून घ्या, कारण ते पूर्ण गोल दिसतं. कान बाजूने घ्या, त्याचा बाक तिथूनच कळतो. पोट समोरून. पुस्तकाचा कणा एका बाजूने, पानांची कड दुसऱ्या. हे ए३ कागदावर फिक्या एचबीने उतरवायचं.

यानंतर वस्तूंच्या मुख्य कडांपैकी सहा ते आठ निवडा आणि त्या वस्तूच्या बाहेर, पार्श्वभूमीत, कागदाच्या कडेपर्यंत वाढवा. रेघ नेहमी वस्तूतून निघायला हवी, हवेतून आलेली रेघ खोडून टाकायची. पैलू साधारण पंधरा ते पंचवीस. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान पैलू झाले की चित्राचा चुरा होतो आणि जग दिसेनासा होतो. आता दोन-तीन ठिकाणी वस्तूची बाह्यरेषा चक्क पुसून टाका, म्हणजे वस्तूचा पैलू मागच्या जागेत मिसळेल. हे मोकळं दार घनवाद्यांनी त्यांच्या आधीच्या फ्रेंच चित्रकार सेझानकडून घेतलं, आणि मुलं नेमकं हेच करायला घाबरतात. बंद बाह्यरेषा राहिली तर मागे कितीही रेघा असोत, जग साधाच दिसतो.

मग शेडिंग. प्रत्येक पैलूची एकच कड गडद करायची आणि तिथून विरत विरत कोऱ्या कागदापर्यंत यायचं. शेजारच्या पैलूची गडद कड याच्या कोऱ्या कडेला भिडली पाहिजे. दोन गडद कडा एकमेकींना लागल्या की खोली नाहीशी होते. आधी सगळे पैलू २बीने हलके भरून घ्या, चित्र दोन मीटरवरून बघा, मग फक्त चार-पाच कडांना ४बी आणि ६बी. सगळीकडे सारखा काळा आला तर चित्र बंद पडतं. इथे दिवा एकच असला तरी प्रत्येक पैलूवर उजेड वेगळ्या बाजूने आलेला चालतो. अंड्याच्या धड्यानंतर मुलं हटकून विचारतात की हे चुकीचं नाही का. नाही. आपण तीन ठिकाणांहून पाहिलं, प्रत्येक ठिकाणाहून सावली वेगळी दिसली.

आता पालकांचा आक्षेप. देवाच्या निर्मितीची मोडतोड म्हणणाऱ्यांनी यथार्थदर्शनालाच, म्हणजे लांबची वस्तू लहान दाखवून खोली आणायच्या पद्धतीलाच, देवाची नजर मानलेलं असतं. एकाच बिंदूवरून बघणारं काटेकोर यथार्थदर्शन हे पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचं देणं. मासाच्चो या चित्रकाराचं ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) हे भित्तिचित्र १४२७ च्या आसपासचं, त्याच्या पहिल्या मोठ्या उदाहरणांपैकी एक. त्याआधी हजार वर्षं चर्चमध्ये जी चित्रं होती, त्यांत टेबल वरून दिसतं आणि माणसं समोरून. रशियन चित्रकार रुब्ल्योव्हच्या ‘त्रैक्य’ या आयकॉनमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठीच्या पवित्र चित्रात, देवदूतांच्या पायाखालची आसनं बघा: लांब जाताना अरुंद व्हायच्या ऐवजी रुंद होतात. त्या चित्रासमोर लोकांनी शतकानुशतकं प्रार्थना केली, निर्मिती मोडली असं कोणी म्हटलं नाही. एका डोळ्याने, एका जागी खिळून जे दिसतं तेच खरं, हा आग्रह श्रद्धेचा नाही, सवयीचा आहे.

आणि येशूची गोष्ट सांगणारी शुभवर्तमानं चार आहेत, म्हणजे नजराही चार. येशूच्या रिकाम्या कबरेपाशी मत्तय एक देवदूत सांगतो, मार्क एक तरुण, लूक दोन पुरुष, योहान दोन देवदूत. ख्रिस्ती मंडळीने खोडरबर लावून त्यांचं एक केलं नाही, चारही जपली. मोठ्या मुलांना हे चार उतारे वाचायला द्या आणि मग जगाची तीन रेखाटनं त्यांच्यासमोर ठेवा. अर्थात पिकासो-ब्राकच्या डोक्यात हा विचार होता असं सांगू नका, तो नव्हता. पण घनवादी आणि श्रद्धावान अशी माणसं झाली आहेत. १९१२ मध्ये चित्रकार मेट्झिंजेबरोबर घनवादावर पहिलं मोठं विवेचन लिहिणारा चित्रकार आल्बेर ग्लेझ पुढे कॅथलिक श्रद्धेकडे वळला आणि त्याने धार्मिक चित्रं काढली. त्याची आयरिश शिष्या मेनी जेलेट हिने फ्रा अँजेलिको या जुन्या इटालियन साधू-चित्रकाराच्या चित्रावरून घनवादी रचना केली. ही दोन नावं पालकसभेत जरूर सांगा.

काही सावधगिरीच्या गोष्टी राहिल्या. वर्गात कधी नऊ वर्षांखालची मुलं आली तर त्यांना तीन बाजूंचं रेखाटन झेपत नाही, त्यांना दोन बाजू पुरेत. पिकासोचं १९०७ चं ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ या वर्गात दाखवू नका, त्यात नग्न स्त्रिया आहेत आणि विषय वेश्यागृहाचा आहे. त्याच्यावाचून काही अडत नाही. येशूचा चेहरा घनवादी पद्धतीने काढायला निदान सुरुवातीला लावू नका. चेहऱ्यात मुलं डोळा इकडे, नाक तिकडे करून हसतात आणि पालकांचा आक्षेप खरा ठरतो. ज्या मंडळीत प्रभूची प्रतिमा काढणंच अमान्य आहे तिथे तो विषय घेऊच नका. जग आणि प्याला यांवर सगळं शिकवून होतं. आणि पूर्ण झालेल्या चित्रांवर फिक्सेटिव्ह (ग्राफाइट पुसू नये म्हणून मारायचा फवारा) मारायचं तर उघड्यावर, ३० सेंटीमीटर अंतरावरून, दोन पातळ थरांत आणि मुलं जवळ नसताना. एकच जाड थर मारला तर कागदावर ओले ठिपके पडतात.