पेन्सिलनं लिहिलेलं नाव

"मॅडम, मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. फक्त एक नाव शाईनं लिहिलं नाही."

वादळातल्या मृतांची यादी करणारे एक अधिकारी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तीन आठवडे धड झोप नव्हती. वादळानंतर नवव्या दिवशी एक आजोबा गेले. घरात ऑक्सिजनचं यंत्र होतं, वीज नव्हती. वरून तोंडी निरोप आला, "ते आजारानं गेले. आकडा फुगवू नका." या अधिकाऱ्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. भिजून वाळलेलं पान. सगळी नावं शाईनं, शेवटचं पेन्सिलनं, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं.

असे अनेकजण येतात. खरं लिहिलं तर नोकरीवर येतं, नाही लिहिलं तर मन खातं; मीच जास्त हळवा आहे का, असं विचारतात. नाही, हळवे नाही आहात. ही टोचणी बधिर करायला मी मदत करत नाही.

त्यांना प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधल्या अमेरिकी बेटाचं सांगितलं. २०१७ च्या मारिया वादळानंतर तिथला मृतांचा सरकारी आकडा कित्येक महिने ६४ वरच होता. ऑगस्ट २०१८ मध्ये एका विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारनं २,९७५ हा अंदाज स्वीकारला. मृत्यूच्या दाखल्यावर वादळाचा संबंध कसा नोंदवायचा, हे तिथल्या अनेक डॉक्टरांना कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणजे यादीतून माणसं निसटायला कुणी खोटंच बोलायला हवं असं नाही.

"मग आजोबा वादळानंच गेले, असं ठोकून लिहू?"

"तुम्हाला खात्रीनं काय माहीत आहे?"

ते बोटांवर मोजू लागले. वीज कधी गेली. यंत्र कधी बंद पडलं. आजोबा कधी गेले. एवढंच लिहायचं ठरलं, पुढे शेरा: 'आपत्तीशी संबंध तपासणे बाकी'. नाव गाळायचं असेल तर तसा आदेश लेखी मागायचा. आणि हे सगळं करण्याआधी घरी बायकोशी बोलायचं, कारण बदली झाली तर ती दोघांची होणार. काही होणार नाही, असं मी म्हटलं नाही. तसं मला माहीत नव्हतं.

पुढच्या भेटीत वही उघडली तेव्हा ते नाव शाईनं लिहिलेलं होतं. लेखी आदेश आलेला नाही, अहवाल वर अडकलाय. वरिष्ठ बोलत नाहीत. ते आता रात्री पाच तास झोपतात.