सून म्हणते मोबाईल नको, मग मी दिवसभर करू काय?

सुट्टी लागलीय, त्यामुळे यावेळी नातवंडं सांभाळायला मुंबईत आलेल्या (आणि अडकलेल्या) आजीआजोबांची पत्रं जास्त आहेत. एकाला सविस्तर उत्तर देतेय, बाकी दोन थोडक्यात.

प्रश्न : मी मिरजेजवळ एका गावात राहते, वय ६३. मुलगा-सून कांदिवलीला, दोघंही नोकरीला. नात १७ महिन्यांची. तिला सांभाळणारी बाई एकदम काम सोडून गेली म्हणून मुलाचा फोन आला की आई, थोडे दिवस ये. आम्ही दोघं आलो ते अजून इथेच आहोत. सून स्वभावाने चांगली आहे पण तिने फ्रीजवर कागद चिकटवलाय, मोबाईल द्यायचा नाही, साखर नाही, बिस्कीट नाही, साडेबाराला झोपवायचं. आता नात जेवतच नाही हो, मोबाईलवर गाणी लावली की मुकाट खाते. सकाळी दोघं जातात ती रात्री आठला उगवतात, तोवर पोळीभाजी, पोर, सगळं माझ्या अंगावर. यांचं काय, पेपर आणि टीव्ही. माझे गुडघे गेलेत. परत कधी जायचं हे विचारावं तर त्यांना वाटेल आईला नात जड झाली. काय करू?

उत्तर : काकू, मोबाईल आणि जेवणाकडे येऊच, पण मला तुमच्या पत्रातली शेवटची ओळ जास्त खटकली. परत कधी जायचं हेच ठरलेलं नाही. तारीख नसली की तुम्ही मनातल्या मनात दिवस मोजत बसता आणि तिकडे मुलगा-सून नवीन बाई शोधायचं पुढे ढकलत राहतात, वाईट हेतूने नाही हो, घरात आई आहे, चाललंय ना, एवढंच. तर विचारायचं. आणि मुलाला विचारायचं, सुनेला नाही, कारण फोन त्याने केला होता आणि तुम्ही त्याच्या आई आहात, सुनेच्या तोंडून हे काढायला गेलात तर उगीच तिच्या नावावर जमा होईल. संकोच वाटत असेल तर रेल्वेचं निमित्त करा. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होतं, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून कमी केलं), आणि गणपती-दिवाळीला महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेटिंग किती जातं ते तुम्हाला सांगायला नको. 'बाळा, तिकीट काढायचंय, कुठल्या तारखेचं काढू' एवढंच म्हणायचं नि गप्प बसायचं. तो काहीतरी बोलेलच. सिनियर सिटीझनची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे पूर्ण भाडं पडेल, ते त्याला भरू दे.

तारीख ठरली की त्यांना पुढचं बघावंच लागेल. त्यातलं एक सुनेला नक्की सांगा. २०१७ ला मॅटर्निटीच्या कायद्यात बदल झाला, तेव्हापासून ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय द्यायला हवी, आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊन यायची मुभा आहे. कित्येक जणींना हे माहीतच नसतं, किंवा माहीत असतं पण एचआरला विचारायला लाज वाटते. काही कंपन्या जवळच्या पाळणाघराशी ठरवून घेतात. विचारायला काय जातं. आणि तुम्ही इथे असतानाच नातीला अर्धा दिवस पाळणाघरात सोडायला सुरुवात केलीत तर उत्तम, दुपारी आजी न्यायला येतेय हे तिला कळलं की ती रुळेल, तुम्ही गेल्यावर एकदम दहा तास ठेवलं तर सगळ्यांचेच हाल.

आता पोळीभाजी. हे मी जरा जोरात सांगते. पोर सांभाळणं हे एक काम आणि चार माणसांचा स्वयंपाक हे दुसरं काम, एका बाईने दोन्ही करायचं नाही, ६३ व्या वर्षी तर नाहीच. मुंबईत पोळ्यांची बाई मिळते, कांदिवलीत तर एकेका बिल्डिंगमध्ये चार जणी येतात. मुलाला म्हणा पोळ्यांना बाई लाव. नात झोपते त्या वेळात तुम्ही ओट्याशी उभ्या राहत असणार, हो ना? त्या वेळात आडवं व्हायचं. भांडी पडू देत.

काकांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण ती ओळ महत्त्वाची आहे. त्यांना मदत कर म्हणू नका, मदत कर म्हटलं की माणूस पिशवी आणून देतो आणि परत पेपर उचलतो. त्यांना वेळ नेमून द्या. पाच ते साडेसहा नात त्यांची. खाली कंपाउंडमध्ये, बागेत, देवळात, कुठेही. रविवारी सगळे मिळून बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा, तुम्हाला जवळ आहे, सोमवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा. राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे असतील तर बुधवार सोडून.

आता तो फ्रीजवरचा कागद. मोबाईलच्या बाबतीत सून बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाभराच्या आत, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत नकोच म्हणते. मोबाईल बघत मूल खातं तेव्हा तोंडात काय गेलं, पोट भरलं का, हे त्याला कळतच नाही, ते नुसतं गिळतं. गावाकडच्या आत्याशी व्हिडिओ कॉल केला तर मात्र चालतं, ते बोलणं आहे.

आणि जेवत नाही म्हणता, तर मला आधी सांगा दूध किती पिते? माझा अंदाज, जेवली नाही की बाटली, परत जेवली नाही की परत बाटली. या वयात दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिली दूध पुरे, त्याच्यावर गेलं की भूक मरते आणि अंगातलं लोहही कमी पडायला लागतं. दुसरं म्हणजे भूक कमी होणं नॉर्मल आहे. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, मग खाणार तरी कशाला तेवढं? तुमच्याबरोबर ताटाशी बसवा, तिची छोटी ताटली द्या, मेतकूटभात, वरणातली पोळी, थालिपीठाचे मऊ तुकडे तिच्या हाताने, सांडू देत, खाली जुनी चादर पसरा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची, मागे घास घेऊन धावायचं नाही. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. मग खाईल.

साडेबाराच्या झोपेवर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. या वयात बरीच मुलं सकाळची झोप सोडून दुपारच्या एकाच झोपेवर येतात, त्यात वेळ पुढेमागे होतेच. दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झाले की झालं. पोर पेंगायला लागलं की झोपवायचं, घड्याळ बघून नाही, आणि हे सुनेला सरळ सांगा, ती ऐकेल.

मग दिवसभर करायचं काय? तुम्ही जे करता तेच तिला बरोबर घेऊन. मेथी निवडताना तिला चार काड्या द्या. कणकेचा गोळा द्या. डबे आणि झाकणं यात या वयाची मुलं अर्धा तास काढतात, दुकानातली खेळणी बाजूला टाकून. खिडकीतून कावळे, रिक्षा, कचऱ्याची गाडी. आणि सतत बोला, तुमच्या मिरजेच्या बोलीत बोला, इंग्लिश शाळेची काळजी आत्तापासून नको, दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं वगैरे काही नसतं.

आता एक गोष्ट सुनेच्या कागदावर नाहीये पण असायला हवी होती. तुमच्या गोळ्या कुठे असतात? पर्समध्ये, उशीखाली, की टीव्हीजवळच्या त्या वारांच्या डब्यात? शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की एक जरी लहान मुलाने गिळली तरी साखर धोक्याइतकी उतरते, बीपीच्या काही गोळ्याही तितक्याच धोक्याच्या. आज उठून वरच्या कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. मग बाथरूम बघा. आपल्याकडे नळाला पाणी ठरल्या वेळी येतं म्हणून बादल्या, पिंपं भरून ठेवायची सवय, आणि या वयाचं मूल बादलीत डोकावतं, डोकं जड, उलटं पडतं आणि आपलं आपण बाहेर येत नाही. बादली पालथी, पिंपाला घट्ट झाकण, दार बंद. खिडकीखाली दिवाण असेल तर तो हलवा, ग्रिल असलं तरी. रिमोटचं मागचं झाकण चिकटपट्टीने बंद करा, आणि चपटे बटण सेल असलेली कुठलीही वस्तू वर ठेवा, तो सेल गिळला तर दोन तासांत आतून भाजतं, वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. अँब्युलन्सचा नंबर १०८, कागदावर मोठ्या अक्षरात तुम्हीच लिहा. कागदाला हात लावायची परवानगी तुम्हालाही आहे.

प्रश्न : मुलुंडला राहते, मुलगा १३ महिन्यांचा. माझेच आईबाबा रत्नागिरीहून येतात, त्यामुळे भांडताही येत नाही. आई रोज डोळ्यात काजळ घालते आणि बाबांनी हौसेने चाकांचा वॉकर आणलाय. सासूबाईंना मी स्पष्ट नाही म्हणू शकते, आईला म्हटलं की ती दोन दिवस बोलत नाही.

उत्तर : बोलू नये दोन दिवस, काही होत नाही. काजळ डोळ्यात नकोच, काही काजळात शिसं सापडतं आणि बोटाने डोळ्याला इन्फेक्शन होतं ते वेगळं. दृष्टीची काळजी असेल तर कानामागे तीट लाव म्हणावं, तिचाही मान राहील. आणि हे तू सांगू नकोस, १५ महिन्यांच्या लसीला आईला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर विषय काढ, मुलीचं न ऐकणाऱ्या आया डॉक्टरांचं निमूट ऐकतात. वॉकर गेला पाहिजे, यावर तडजोड नाही. मूल त्यात बसून क्षणात दारापर्यंत, गॅसपर्यंत पोचतं, आणि त्याने चालणं लवकर येत नाहीच, उलट लांबतं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. बाबांची हौस मोडायची नसेल तर त्यांना लाकडी पांगुळगाडा आणायला सांग, तो मूल उभं राहून ढकलतं, त्यात बसत नाही. कोकणात सुतार ओळखीचा असेलच त्यांच्या.

प्रश्न : मी ७० वर्षांचा, नाशिकला असतो. नातू दोन वर्षांचा, गोरेगावला. चार-सहा महिन्यांनी जातो तेव्हा मला बघून किंचाळून आईला चिकटतो. वाईट वाटतं. खाऊ दिला तरी येत नाही.

उत्तर : आजोबा, तो तुम्हाला नाकारत नाहीये, त्याला तुम्ही आठवत नाही एवढंच, चार महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा भाग झाला. गेल्या गेल्या उचलून घेऊ नका आणि 'ये ना, आजोबांकडे ये' असं सगळ्यांनी मिळून ढकलूही नका. जमिनीवर बसा, त्याच्याकडे न बघता त्याच्या गाड्या ओळीत लावत बसा, तो येईल आणि एक गाडी काढून घेईल, तेवढ्यावर पहिला दिवस सोडा. सून किंवा मुलगी घरात असतानाच हे करा, ती बाहेर गेली आणि तुम्ही समोर असं झालं तर तुमचा चेहरा आणि आई जाणं हे त्याच्या डोक्यात एकत्र बसेल. मध्ये आठवड्यातून एकदोनदा व्हिडिओ कॉल, दर वेळी तीच टोपी, तोच एक खेळ. आणि खाऊचं म्हणाल तर नाशिकची द्राक्षं नेत असाल, ती या वयात अख्खी द्यायची नाहीत, उभी चार तुकडे करून. चिवड्यातले शेंगदाणे आणि फुटाणे चार वर्षांचा होईपर्यंत नकोतच, श्वासनलिकेत अडकतात. खिशात त्याऐवजी जुन्या किल्ल्यांचा जुडगा ठेवा, तो वाजला की बहुतेक पोरं जवळ येतात.