निझवाला जातोयस? आधी पाण्याचं ऐक

तू विचारलंस, 'दादा, निझवाला नोकरी लागतेय, वाळवंटात आपल्यासारख्या दापोलीकराचा निभाव लागेल काय?' ओमानात माझी अकरा वर्षं गेली. सध्या सुट्टीवर आंजर्ल्याच्या पडवीत पागोळ्या बघत बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

वाळूच्या टेकड्या डोक्यातून काढून टाक. त्या पूर्वेकडच्या शर्किया भागात, वहिबाच्या रेतीत. निझवा हजर पर्वताच्या पायथ्याशी आहे. सगळा तपकिरी, उघडाबोडका दगड. सह्याद्रीची साल सोलून ठेवलीय जणू.

जून-जुलैत दुपारी पारा 45 च्या आसपास, पण हवा कोरडी. घाम जागच्या जागी सुकतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते समजत नाही. तहानेची वाट न बघता पीत राहा. टाचा फुटतात, खोबरेल घरूनच ने. जीव नकोसा होतो तो मस्कतच्या किनाऱ्यावर, तिथे दमटपणाही असतो. 2018 च्या जूनमध्ये त्याच किनाऱ्यावरच्या कुरियात गावात चोवीस तासांत पारा 42.6 च्या खाली उतरलाच नाही! आपला वैशाख बरा म्हणायचा. डिसेंबर-जानेवारीत मात्र निझवाला रात्री स्वेटर लागतो.

मस्कतला वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्याकडे जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो. तरी मला तिथे भीती वाटली ती पाण्याचीच. 'वादी' म्हणजे कोरडं नदीपात्र, आपली वाडी नव्हे. डोंगरात सर आली की उघडा दगड थेंबही पीत नाही, आणि खाली लख्ख ऊन असताना लोंढा येतो. एकदा काठावर तासभर गाडी थांबवून बसलो होतो, समोरून अख्खी बाभूळ वाहत गेली. लोक गाडी घालतात, तू घालू नकोस.

निझवाचा फलज दारीस आवर्जून बघ. जमिनीखालचं पाणी उताराने खजुराच्या बागांत आणलेलं, वेळेच्या हिशेबाने वाटलेलं. आपल्या पोफळीच्या बागेतला पाटच, फक्त भाऊबंदकी अरबीत. 2006 पासून तो जागतिक वारशात आहे.

तिथला 'गाफ' म्हणजे आपली शमी. आणि हो, फुरसं तिथेही आहे, बूट झटकून घाल. पांढरा ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी, निझवाला दिसणार नाही, तो दक्षिणेकडच्या सपाट माळावरचा. 1972 पर्यंत तो रानातून संपला होता, 1982 मध्ये पुन्हा सोडला. समुद्रावरून येणाऱ्या धुक्याने भिजलेल्या गवतावर तो तगतो. वेळासला कासवं बघितली असशील, तर रास अल हद्दला हिरवी कासवं बघायला जा, ती आपल्याहून बरीच थोराड.

पहिल्या वर्षी आगोटीच्या दिवसांत घर फार आठवेल. तेव्हा ओमानच्या दक्षिण टोकाकडचं सलाला गाठ. जून ते सप्टेंबर आपल्याच नैऋत्य वाऱ्याचं धुकं तिथल्या डोंगरांना लागतं आणि ते हिरवे होतात. रस्ता लांबचा आहे, वाटेत उंट आडवे येतात. रात्री गाडी चालवू नकोस.