रात्री कूस कोण बदलणार?

प्रश्न : ताई, माझे सासरे ७६ वर्षांचे. दिवाळीनंतर डाव्या अंगाला लकवा मारला. आता रावेर तालुक्यात गावच्या घरीच असतात, अंथरुणावर. लघवीची नळी आहे, बोलणं जड झालंय. आम्ही पुण्याला, गावी धाकटे दीर आणि जाऊ. दीर दिवसभर केळीत. यजमान म्हणतात आजाऱ्यांसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून २४ तासांचा माणूस ठेवू, महिन्याला २२ हजार सांगतात. जाऊ म्हणते, आशाताई दारात येते, सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड काढलंय, मग एवढा पैसा कशाला? सरकारी धरावं की खासगी?
— एक मोठी सून, पुणे

उत्तर : जाऊबाईंना आधी एवढं सांगा, की ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार त्यात होतो. घरी ठेवलेल्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही. आणि आशाताई? लसी, बाळंतपणं, सर्वे, वर मिळणारं मानधन तुम्हाला माहीतच आहे. ती गोळ्यांची चौकशी करेल. लंगोट बदलायला तिला कोणी नेमलेलं नाही.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून जन्म काढला, तरी हे लिहितेय. सरकार औषध देतं, तपासणी देतं. रात्री २ वाजता कूस बदलणारे हात देत नाही.

पण जे मिळतं ते सोडायचं नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन बघणं आणि घरच्यांना शिकवणं त्यात लिहिलेलं आहे. कागदावरचं आपोआप दारात येत नाही, हे मी आतून पाहिलंय. दिरांनी एक सकाळ काढून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावं, साध्या कागदावर अर्ज देऊन पोच घ्यावी. गोळ्याही तिथूनच आणा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. नळी बदलायची तारीख विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

आता ब्युरोचं. माझ्या आईला अमळनेरला आम्ही अशीच बाई ठेवली होती. बाई स्वच्छ, कामाला वाईट नव्हती, पण लांबच्या जिल्ह्यातली. आई दुपारी म्हणायची, ‘‘माले जपू दे.’’ अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. त्या बाईला वाटे, म्हातारी म्हणतेय मला जप. मग ती जास्तच मायेनं उशा लावून आईला बसवून ठेवी, पाय चेपी. चार दिवस आई झोपली नाही आणि आम्ही डॉक्टरांना झोपेची गोळी विचारत होतो! पुढे ती बाई न सांगता गावी निघून गेली आणि ब्युरोनं बदली माणूस दिला तो आठवड्यानं. पैसे मात्र पूर्ण महिन्याचे घेतले.

म्हणून माझं मत, हात विकतच घ्या, पण शक्यतो तुमच्याच पट्ट्यातले. सासऱ्यांचं बोलणं जड झालंय; त्यांचं अर्धं वाक्य पुरं करू शकेल असा माणूस हवा. पंचक्रोशीत दवाखान्यात वॉर्डबॉय राहिलेला कोणी असतोच, विचारपूस करा. ब्युरोच घ्यायचा तर सुट्टीच्या दिवशी बदली कोण, हे लिहून घ्या आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. ठेवण्याआधी त्याला तुमच्यासमोर सासऱ्यांची कूस बदलायला लावा. हात धरून ओढला तर नको. लकव्याच्या बाजूचा खांदा निखळायला वेळ लागत नाही. खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून, बोलत बोलत वळवणारा ठेवा. दर २ तासांनी कूस, रोज माकडहाड आणि टाचा बघायच्या. बोटानं दाबूनही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा. भरवायचं बसवून, आणि भरवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

हवेची गादी घेतली असेल तर तिचा पंप इन्व्हर्टरवर आहे का ते बघा. मे महिन्यात आपल्याकडे वीज गेली की लोक पंख्याचा विचार करतात. इकडे गादी हळूहळू बसते आणि म्हातारा फळीवर आल्यासारखा पडून राहतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत नंबर घरात लिहून ठेवा. माहितीलाही चालतो, कोणी त्रास देत असेल तरी चालतो.

आणि २४ तासांचा माणूस म्हणजे २४ तास जागा माणूस नव्हे. तोही झोपणार. महिन्यात त्याला ४ सुट्या द्या आणि त्या ४ दिवसांत यजमानांना गावी पाठवा. रात्रीच्या गाडीनं निघाले की सकाळी भुसावळ. जाऊबाईंचा पैशांबद्दलचा राग निम्मा त्यानंच उतरेल, असा माझा अंदाज आहे.